वर्कहाऊसमधले मनोरुग्ण: कोण कुठे राहणार ते पैशाने ठरवलं

व्हिक्टोरियन इंग्लंडमधलं वर्कहाऊस (गरिबांना आसरा देऊन त्या बदल्यात काम करून घेणारी संस्था) म्हटलं की पातळ लापशी आणि अनाथ पोरं एवढंच डोळ्यासमोर येतं, पण तिथे मनोरुग्णही हजारोंनी होते आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात १८३४ च्या नव्या पुअर लॉपासून, म्हणजे गरिबांना मदत देण्याच्या कायद्यापासून. इंग्लंड-वेल्समधली गावं एकत्र करून ही मदत सांभाळणाऱ्या युनियन केल्या, आणि वर्कहाऊसमधलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असलं पाहिजे असं मुद्दाम ठरवलं, का तर लोकांनी मदत मागायलाच येऊ नये. आता हे धडधाकट माणसाला घाबरवायला ठीक, पण ज्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही त्याला कसली भीती घालणार? त्याने नुसतं सोसायचं. कायद्यात एवढंच होतं की धोकादायक वेड्याला १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. मग जे शांत होते, कोपऱ्यात बसून राहायचे, ते वर्षानुवर्षं तिथेच.

१८४५ मध्ये प्रत्येक काउंटीला असायलम (मनोरुग्णालय) बांधणं सक्तीचं झालं आणि मनोरुग्णांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारे लुनसी कमिशनर नेमले, लॉर्ड शाफ्ट्सबरी त्यांचे प्रमुख, ते १८८५ ला वारले तोपर्यंत. पण असायलमचा आठवड्याचा खर्च वर्कहाऊसपेक्षा बराच जास्त आणि तो भरायचा युनियननेच, म्हणजे स्थानिक करदात्यांच्या खिशातून, त्यामुळे गार्डियन, म्हणजे युनियन चालवणारे लोक, पेशंट पाठवायलाच टाळाटाळ करायचे. आजार ताजा असताना उपचार मिळाले तर माणूस बरा होण्याची आशा असते असं डॉक्टर तेव्हाही सांगत होते, आणि नेमका तोच काळ वाया जायचा!

१८५९ मध्ये कमिशनरांनी वर्कहाऊसमधल्या वेड्यांवर वेगळा रिपोर्ट काढला, तो वाचून खरंच राग येतो. अपुरं जेवण, फिरायला भिंतींनी घेरलेलं छोटंसं अंगण, पट्ट्यांनी बांधून ठेवणं. आणि सांभाळायला कोण, तर तिथलेच दुसरे गरीब, ज्यांना कसलंही ट्रेनिंग नाही. बांधून न ठेवताही रुग्ण सांभाळता येतात हे जॉन कोनोली यांनी हॅनवेलच्या असायलममध्ये १८३९ पासून दाखवून दिलं होतं, म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायला जागाच नाही.

पण तोवर असायलमही भरून वाहायला लागली होती, म्हणून १८६२ च्या कायद्याने जुनाट पण निरुपद्रवी रुग्ण उलटे वर्कहाऊसमध्ये पाठवायची सोय केली. लंडनने १८६७ नंतर वेगळा बोर्ड काढला आणि १८७० मध्ये लीव्हस्डेन आणि केटरहॅमला अशा रुग्णांसाठी प्रचंड संस्था उघडल्या. मग १८७४ ला सरकारने असायलममधल्या प्रत्येक गरीब रुग्णामागे आठवड्याला ४ शिलिंग द्यायला सुरुवात केली, वर्कहाऊसमध्ये ठेवलं तर ते नाही, आणि जे गार्डियन इतकी वर्षं पाठवत नव्हते त्यांना आता असायलम परवडायला लागलं. रुग्ण तोच, आजार तोच, फक्त बिल कोण भरतंय ते बदललं.

१८९० च्या कायद्याने वर्कहाऊसमध्ये ठेवायलाही डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागायला लागली. गार्डियन बोर्ड १९३० ला गेले, पण कित्येक इमारती पुढे हॉस्पिटल म्हणून वापरात राहिल्या, आणि लीव्हस्डेन तर थेट १९९० च्या दशकात बंद झालं.