बॅटरीत किती चार्ज उरलाय हे गाडीला कळतं कसं, यामागची थोडी पार्श्वभूमी

पेट्रोलच्या टाकीत तरंगता फ्लोट असतो, बॅटरीत तसं काही सोडता येत नाही, त्यामुळे किती उरलंय ते आडमार्गानेच काढावं लागतं, आणि हे शंभर वर्षांपूर्वीच्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही चुकलं नव्हतं. तेव्हा लेड अ‍ॅसिड बॅटरी, म्हणजे झाकण उघडायचं, हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजायची नळी) अ‍ॅसिड ओढायचं, पाण्याच्या तुलनेत घनता 1.27 च्या आसपास आली तर फुल, 1.12 कडे घसरली की संपली. पद्धत भारी होती, पण चालत्या गाडीत कोण करणार?

मग करंटच मोजायचा. 1820 मध्ये शास्त्रज्ञ ओर्स्टेडला करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हललेली दिसली, तिथून हे सुरू होतं. पुढे एडवर्ड वेस्टनने फिरत्या कॉइलचे भरवशाचे मीटर बनवले, शिवाय तापली तरी रेझिस्टन्स जवळजवळ न बदलणारी मँगॅनिन ही मिश्रधातूही त्याचीच, आणि शंटसाठी ती आजही वापरतात. शंट म्हणजे जाड पट्टी, सगळा करंट तिच्यातून जातो आणि आपण फक्त दोन टोकांमधला व्होल्टेज बघायचा: 100 मायक्रोओहमच्या शंटमधून 500 अँपिअर गेले तर जेमतेम 50 मिलिव्होल्ट, तरी पट्टी 25 वॅट उष्णता सोडत असते. दुसरा रस्ता एडविन हॉलने 1879 मध्ये शोधलेल्या परिणामाचा, यात तारेला हातच लावायचा नाही, तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र वाचायचं.

करंट मिळाला की आत गेला किती, बाहेर आला किती याची बेरीज-वजाबाकी, यालाच कूलॉम काउंटिंग म्हणतात. खरी गोची इथेच आहे. सेन्सर फक्त 1 अँपिअर चुकीचा दाखवत राहिला तर 24 तासांत 24 अँपिअर-अवरची चूक साठते, 150 अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये ती 16% झाली!

म्हणून व्होल्टेजवरून अधूनमधून दुरुस्ती करायची. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) लिथियम सेलमध्ये ते जमतं, कारण चार्ज उतरेल तसा व्होल्टेजही उतरतो, पण एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलमध्ये तो मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात 3.2-3.3 व्होल्टलाच चिकटून बसतो, मग 40% आणि 60% मधला फरक कळणार कसा? बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, काल्मनचं 1960 चं फिल्टर (ही एक गणिती पद्धत) आलं ते याच्यासाठीच, करंटचा हिशोब आणि व्होल्टेजचा अंदाज दोन्ही घेऊन ते कोणावर किती विश्वास ठेवायचा हे दर क्षणी ठरवतं. तरीही एलएफपी गाडी मधूनमधून 100% चार्ज करा असं सांगतात, कारण अगदी वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतो आणि तिथे हिशोब पुन्हा जुळवून घेता येतो.