‘आजकालची पोरं’ आणि सॉक्रेटिस

‘आजकालच्या मुलांना चैन हवी, ती मोठ्यांना उलटून बोलतात, पायावर पाय टाकून बसतात’ हे वाक्य प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसच्या नावावर वर्षानुवर्षं फिरतंय. ते त्याचं नाही. त्याने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. त्याचे शिष्य प्लेटो आणि झेनोफन यांनी रंगवलेल्या सॉक्रेटिसच्या तोंडीही हे वाक्य सापडत नाही.

मग आलं कुठून? केंब्रिजच्या केनेथ जॉन फ्रीमनने प्राचीन ग्रीक शिक्षणावर प्रबंध लिहिला. तो 1907 मध्ये छापला गेला. त्यात त्याने प्राचीन ग्रीकांच्या तरुणांबद्दलच्या तक्रारींचा गोषवारा स्वतःच्या शब्दांत दिला होता. पुढे कुणीतरी त्याला अवतरणचिन्हं लावली आणि वर सॉक्रेटिसचं नाव चिकटवलं.

गोषवाऱ्यातला काही ऐवज ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘क्लाउड्स’ या प्रहसनातला दिसतो (इ.स.पू. 423). त्यात जुन्या वळणाचं एक पात्र सांगतं, की पूर्वी पोरं जेवताना मोठ्यांच्या पुढचा शेपू ओढून घेत नसत, पायावर पाय टाकत नसत. आणि गंमत म्हणजे, त्याच नाटकात पोरं बिघडवणारा मास्तर आहे खुद्द सॉक्रेटिस! इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सने त्याला विष प्यायला लावलं, त्या खटल्यातला एक आरोपही हाच होता: तरुणांना बिघडवतो.