हिप्पोकॅम्पसचे मोजमाप: दोन अहवालांतले आकडे ताडून पाहण्यापूर्वी

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या विस्मरणाची तपासणी सुरू असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ एमआरआयवरून हिप्पोकॅम्पसचे, म्हणजेच नव्या आठवणी साठवण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या भागाचे, आकारमान मोजून घेण्यास सांगतात. हा भाग मेंदूत डावीकडे आणि उजवीकडे असा जोडीने असतो व प्रौढ माणसात प्रत्येक बाजूस साधारण ३,००० घन मिलिमीटर भरतो. निरोगी वृद्धांमध्ये तो वर्षाला सुमारे १.५ टक्क्याने आकसतो, तर अल्झायमरच्या रुग्णांमध्ये सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी. म्हणजे डॉक्टरांना जो फरक ओळखायचा असतो, तो वर्षाला जेमतेम शंभर घन मिलिमीटरांचा असतो, आणि मोजणाऱ्याने सीमारेषा किंचित वेगळी धरली तर त्याहून मोठा फरक केवळ मोजण्यातूनच निर्माण होतो.

हे कसे घडते, ते एका छेदावर, म्हणजे एमआरआयने टिपलेल्या मेंदूच्या एका पातळ कापावर, पाहता येईल. हिप्पोकॅम्पसच्या वरच्या कडेला अल्व्हियस नावाचा पांढऱ्या तंतूंचा अतिशय पातळ थर असतो. एका छेदात हिप्पोकॅम्पसचे क्षेत्रफळ ७५ चौरस मिलिमीटर आहे आणि हा थर १ मिलिमीटर जाड व ८ मिलिमीटर लांब आहे असे धरले, तर तो मोजल्याने किंवा वगळल्याने त्या छेदात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडतो. खालच्या बाजूचा सबिक्युलम नावाचा पट्टा तर शेजारच्या भागात इतका मिसळून जातो की डोळ्यांना स्पष्ट सीमाच दिसत नाही. तेथे रेघ कोठे ओढायची, हे आधी ठरवूनच घ्यावे लागते.

पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची रेघ निराळी होती, आणि त्यामुळे निरोगी हिप्पोकॅम्पसच्या प्रसिद्ध झालेल्या आकारमानांत अडीच पटींपर्यंत तफावत आढळत असे. जिओवानी फ्रिसोनी आणि क्लिफर्ड जॅक यांच्या पुढाकाराने युरोपीय आणि अमेरिकी संशोधकांनी प्रचलित असलेल्या बारा पद्धती तपासल्या, तज्ज्ञांच्या मतदानाच्या फेऱ्या घेतल्या आणि २०१५ मध्ये हार्प ही सामायिक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात अल्व्हियस, सबिक्युलम आणि हिप्पोकॅम्पसचे मागचे निमुळते टोक, म्हणजे शेपूट, संपूर्ण मोजले जाते, तसेच छेद घेण्यापूर्वी प्रतिमा मेंदूतील ठरावीक दोन खुणांना जोडणाऱ्या रेषेनुसार सरळ केली जाते. संगणकीय प्रणालींची पारख करता यावी म्हणून १३५ व्यक्तींच्या एमआरआयवर प्रमाणित रेखाटनेही तयार करण्यात आली. आम्ही ह्याच पद्धतीने मोजतो, आणि कवटीचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने मूळ आकड्यासोबत कवटीच्या आतील एकूण आकारमानाशी त्याचे प्रमाणही देतो.

म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की दुसरीकडे मिळालेल्या जुन्या अहवालातला आकडा आमच्या आकड्याशेजारी ठेवून आपण स्वतः निष्कर्ष काढू नये. जुन्या तपासणीची सीडी आणावी. छापील फिल्मवरून आकारमान मोजता येत नाही. सीडीवर एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या छेदांची टी-१ प्रतिमा (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा एमआरआयचा प्रकार) असेल, तर जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रतिमा आम्ही एकाच पद्धतीने मोजतो आणि मगच बदल नोंदवतो. केवळ पाच मिलिमीटर जाडीचे छेद असतील, तर आम्ही आकडा देत नाही आणि तसे अहवालात स्पष्ट लिहितो. पुढील एमआरआय शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घ्यावा. आकडा कमी आला म्हणजे अल्झायमरच, असेही नव्हे. वय, नैराश्य किंवा दीर्घकालीन अपस्मार यांमुळेही हा भाग लहान आढळू शकतो, म्हणून अहवाल आपल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.