अकाली जन्मलेल्या बाळांची चेहराओळख

गर्भारपणाचे 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली बाळे माणसाचा चेहरा कसा पाहतात, ओळखीचा चेहरा परक्या चेहऱ्यापासून वेगळा कसा करतात आणि ही क्षमता पुढे कशी वाढते, याचा अभ्यास बालरोगशास्त्र, मेंदूविज्ञान व मानसशास्त्र या तिन्ही शाखांत होतो.

पूर्ण दिवसांचे बाळ चेहऱ्याची ओढ घेऊनच जन्मते. डोळे, नाक, तोंड जागच्या जागी असलेले चित्र हलवले, तर अवघ्या काही मिनिटांचे बाळही नजरेने त्याचा माग काढते. तेच अवयव विस्कटून काढले, तर कमी. हे 1975 मध्ये दाखवले गेले. मानसशास्त्रज्ञ जॉन मॉर्टन व मार्क जॉन्सन यांनी 1991 मध्ये मांडले की ही जन्मजात ओढ वेगळी आणि पुढे पाहून पाहून येणारी खरी ओळख वेगळी. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंमीवरचेच त्यातल्या त्यात बरे दिसते. तरी काही दिवसांत ते आईकडे जास्त वेळ पाहू लागते. मात्र 1995 च्या एका प्रयोगात आईचे आणि परक्या स्त्रीचे केस रुमालाने झाकताच हा फरक नाहीसा झाला. म्हणजे सुरुवातीची ओळख बरीचशी केस आणि कपाळाच्या कडेवर उभी असते.

कमी दिवसांच्या बाळाची परिस्थिती इथेच वेगळी होते. पापण्या 26 व्या आठवड्याच्या सुमारास उघडतात आणि उजेडाने बाहुली आकसण्याची क्रिया साधारण 30 व्या आठवड्यानंतर दिसू लागते. ज्या काळात गर्भाशयात जवळजवळ अंधार असायचा, त्या काळात हे बाळ काचेच्या पेटीत, दिव्यांखाली असते. कावीळ उतरवण्यासाठी प्रकाशोपचार चालू असेल, तर डोळ्यांवर पट्टी असते. भोवतीची माणसे अनेकदा टोपी आणि मास्क घालून येतात. बाळ ज्या कडेवरून ओळखायला शिकते, नेमकी तीच झाकली जाते. याचा किती परिणाम होतो हे वेगळे मोजणे अवघड असले, तरी हा मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

यातून अभ्यासकांना एक मोलाचा प्रश्न मिळाला : चेहऱ्याची समज मेंदूच्या पक्वतेने येते की पाहण्याच्या अनुभवाने? समोरच्याच्या नजरेचा रोख ओळखून तिकडे पाहणे, या बाबतीत 2014 च्या एका अभ्यासात निरोगी अकाली बाळांची प्रगती जन्मापासून मोजलेल्या वयाशी जुळली. जगात जास्त आठवडे घालवल्याचा त्यांना फायदा झाला होता. उलट 2016 मध्ये, 28 आठवड्यांच्याही आधी जन्मलेल्या बाळांचा मेंदू आईच्या व अनोळखी चेहऱ्याला पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो, असे आढळले. त्याच वर्षी नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने केलेल्या पाहणीत अकाली बाळे चित्रातल्या माणसांकडे तुलनेने कमी वेळ पाहत होती. म्हणून सरसकट ‘मागे’ किंवा ‘पुढे’ म्हणणे चूक ठरते. शिवाय हे निष्कर्ष गटांचे आहेत. एखाद्या बाळाचे भविष्य त्यांवरून सांगता येत नाही. मेंदूतील श्वेतद्रव्याला (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंना) झालेली इजा, दृष्टिपटलाचा अकालीपणाशी निगडित विकार (आरओपी) आणि तिरळेपणा यांनी चित्र बदलते.

पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे ते सुधारित वय, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय. 28 व्या आठवड्यात जन्मलेले बाळ दोन महिन्यांचे होते, तेव्हा ती तारीख अजून उजाडलेलीही नसते. ‘माझ्याकडे बघून हसत नाही’ ही काळजी अशा वेळी फार लवकरची असते; चेहरा पाहून हसणे साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या सुधारित वयात अपेक्षित असते. लहानग्याने नजर फिरवली, बोटे ताणून पसरली किंवा त्याला उचकी लागली, तर बहुधा ते थकलेले असते. अशा वेळी थोडे थांबून पुन्हा जवळ जावे, शांतपणे, मास्क काढणे सुरक्षित असेल तर काढून. तीन महिन्यांच्या सुधारित वयातही बाळ चेहऱ्यावर नजर स्थिर करत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांची तपासणी आवश्यक असते. आरओपीची तपासणी मात्र त्याच्या कितीतरी आधी, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते.