त्वचेचा टी-सेल लिम्फोमा : बायोप्सी पुन्हा का मागतात?

आमची लॅब छोटी आहे, कातडीच्या तुकड्यांची तपासणी एवढंच आमचं काम. काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतो तो रिपोर्टमधल्या एका ओळीवरून : ‘लक्षणांशी जुळवून पाहावे, गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करावी.’ पैसे घेतले आणि सांगितलं काहीच नाही, असं पेशंटला वाटतं. वाटणारच.

ज्या आजारात ही ओळ हमखास येते तो म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस, त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाचा एक प्रकार. टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बिघडून कातडीत ठाण मांडतात, असा हा दुर्मीळ कॅन्सर. नाव काहीही असो, बुरशीशी त्याचा संबंध नाही आणि तो कुणाला लागतही नाही.

सुरुवात साध्या चट्ट्यांनी होते. नितंब, कंबर, मांडीची आतली बाजू, म्हणजे जिथे ऊन पोचत नाही तिथे. वर बारीक कोंडा असतो, खाज असते किंवा नसते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, चट्टे फिकट पांढरट दिसतात. मग घरच्यांना कोडाची नाहीतर कुष्ठरोगाची धास्ती वाटते. पुण्याच्या पावसाळ्यात गजकर्ण तर घरोघरी. मेडिकलमधून ट्यूब आणली जाते आणि तिच्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चट्टा मावळतो, ट्यूब संपली की परत येतो. यात वर्षं जातात.

आता सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते सांगतो. इसबातही लिम्फोसाइट पेशी (टी-पेशी यांतलाच एक प्रकार) कातडीच्या वरच्या थरात शिरतात, पण तिथे पाणी धरून तो थर सैल झालेला असतो. या आजारात त्याच थराच्या तळाशी काळपट, सुरकुतलेल्या केंद्रकाच्या पेशी ओळीने बसलेल्या दिसतात आणि भोवती पाणी जवळजवळ नसतं. पंचाईत अशी, की सुरुवातीच्या चट्ट्यात अशा पेशी मोजक्याच असतात. त्यात मलम चालू असेल तर त्याही पांगतात. अशा वेळी छातीठोक ‘कॅन्सर’ किंवा ‘कॅन्सर नाही’ लिहिणारा रिपोर्टच आम्हाला धोक्याचा वाटतो.

पुढची पायरी सीडी३, सीडी४, सीडी८ आणि सीडी७ या मार्करची, म्हणजे टी-पेशींवरच्या ओळखखुणांची. सीडी७ हरवलेलं असलं तर संशय बळावतो, निदान पक्कं होत नाही. टी-सेल रिसेप्टर जीनची तपासणी (सगळ्या पेशी एकाच पेशीपासून झाल्यात का ते कळतं) लागली तर आम्ही ती बाहेर पाठवतो. दोन वेगळ्या चट्ट्यांत एकाच पेशीची पिल्लावळ निघाली तर त्या पुराव्याला वजन येतं.

म्हणून बायोप्सीआधी दोन ते चार आठवडे मलम बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. जमल्यास दोन-तीन चट्ट्यांतून तुकडे घ्यायला सांगा. तुकडा पाण्यात बुडवून आणू नका, तो कुजतो. डबीत तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रावण) हवं. चट्ट्यांचे मोबाइलवरचे जुने फोटो जरूर दाखवा, आम्हाला त्यांचा खरंच उपयोग होतो.

उपचार त्वचारोगतज्ज्ञ आणि कॅन्सरतज्ज्ञ ठरवतात. बोटांसकट आपला तळवा म्हणजे अंगाच्या साधारण १ टक्का कातडी. १० टक्क्यांपेक्षा कमी भागावर नुसते चट्टे असतील तर बहुतेकांचं आयुष्य इतरांइतकंच असतं. अशांना सहसा स्टेरॉइड मलम किंवा नॅरोबँड यूव्हीबी (ठरावीक अतिनील किरणांचा शेक) पुरतं, लगेच केमो नाही. हे प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने चालतात. तेव्हा कोथरूडला राहून हडपसरचं सेंटर धरू नका, ट्रॅफिकपायी मधेच सुटतं. आजार वाढला तर मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन ही औषधं किंवा इलेक्ट्रॉन बीम हा कातडीपुरता रेडिएशनचा उपचार असे पर्याय आहेत. गाठी आल्या, काखेत-जांघेत अवधाण आलं किंवा सगळं अंग लाल झालं, तर थांबू नका. अंग लाल झाल्यावर रक्तही तपासावं लागतं.

तुमच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आमच्याकडे जपून ठेवलेला असतो. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा आणखी कुठे दुसरं मत घ्यायचं असेल, तर पावती दाखवून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन जा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त ब्लॉक गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.