दम पुरतो, पाय पुरत नाहीत

सराव न करता हाफ किंवा फुल मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो पण उतरता येत नाही, कठडा धरून आडवं आडवं उतरावं लागतं. हे असं उलटं का होतं ते कळलं ना, की सरावाचं अर्धं गणित कळलं असं मला वाटतं.

जिना चढताना मांडीचा स्नायू आखूड होत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि लांब होता होताच शरीराचं वजन तोलून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो, आणि स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते ती मुख्यतः या ब्रेकच्या कामात. आता पळण्याकडे बघा, प्रत्येक पाऊल पडताना वजनाच्या 2 ते 3 पट जोर पायावर येतो आणि मांडी पोटरी दोघी ब्रेक लावतात. एका पावलात मीटरभर अंतर जातं असं धरलं तर फुल मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरमध्ये 42 हजार पावलं, एकेका पायाला 21 हजार ब्रेक! बरेच जण म्हणतात की दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे, पण ते तसं नाहीये, ते तर पळणं थांबल्यावर तास-दोन तासात रक्तातून निघून जातं. दुखणं येतं ते त्या इजेचं आणि तिच्या दुरुस्तीचं, म्हणून ते 1 ते 3 दिवसांनी सगळ्यात जास्त असतं.

आणि इथे शरीराची एक फार सुंदर गोष्ट आहे. असा ब्रेकचा मार स्नायूने एकदा थोडासा जरी खाल्ला तरी पुढच्या वेळी तेवढ्याच माराने त्याला कितीतरी कमी इजा होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे रेसच्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यात केलेले बेताचे लांब रन हे फक्त दम वाढवायला नसतात, ते पायांना आधीच ओळख करून देतात की बाबांनो असं असं काम येणार आहे.

म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आळशी माणसाची नाही, तो बिचारा 3 किलोमीटरमध्ये धापा टाकत चालायलाच लागतो. काळजी वाटते ती रोज सायकल मारणाऱ्याची, पोहणाऱ्याची. सायकलवर स्नायूंना ब्रेकचं काम जवळपास नसतंच आणि पाण्यात तर वजनही नाही, पण हृदय आणि फुप्फुसं मात्र तगडी झालेली असतात, त्यामुळे हा माणूस पहिले 15 किलोमीटर मस्त पेसने पळतो, दम लागत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय असं त्याला वाटतं, आणि तोवर पाय आतून मार खात असतात.

शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत हो. रक्तातलं पाणी वाढायला काही दिवस पुरतात, स्नायूंमधली ऊर्जा बनवणारी यंत्रणा वाढायला काही आठवडे, टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, महिने लागतात. हाडाचं तर अजून वेगळं, नवा भार आला की तिथलं जुनं हाड आधी खरवडून काढलं जातं आणि मग नवीन भरलं जातं, ही सगळी फेरी 3-4 महिन्यांची, म्हणजे मधल्या काळात ती जागा उलट थोडी कच्चीच असते. याच काळात घाई केली की नडगीला किंवा तळपायाच्या हाडाला बारीक चीर जाते. 1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी सैनिकांचे चालून चालून सुजलेले, दुखणारे पाय नोंदवून ठेवले होते, तेव्हा एक्स-रे नव्हता, चीर दिसायला अजून 40 वर्षं जायची होती.

इंधनाचं गणित तसं सोपं आहे. पळायला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण 1 कॅलरी लागते, म्हणजे 70 किलोच्या माणसाला फुल मॅरेथॉनसाठी 2900 च्या वर, आणि शरीरात साठवलेली साखर मिळून देते 2000 च्या आसपास. उरलेलं चरबीतून येतं पण चरबी हळू जळते. सराव झालेलं शरीर सुरुवातीपासूनच चरबी जास्त वापरतं आणि साखर वाचवतं, बिनसरावाचं शरीर त्याच पेसला साखर भराभर संपवतं, मग साधारण 30 किलोमीटरच्या पुढे पाय शिशाचे होतात आणि डोकंही चालेनासं होतं.

पाण्याबद्दल मात्र लोक नेमकी उलटी चूक करतात, कमी नाही तर गरजेपेक्षा जास्त पितात, आणि रक्तातलं सोडियम म्हणजे मीठ पातळ होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं तर 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात 4 तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे आणि पिऊन पिऊन रेसमध्येच वजन वाढलेले लोक जास्त होते. सराव नसलेला माणूस 5-6 तास रस्त्यावर असतो, पाण्याच्या प्रत्येक स्टेशनला दोन-दोन ग्लास घेतो, आणि नंतर सोडियम उतरल्यामुळेच डोकं दुखतं, मळमळतं, तर म्हणून अजून पाणी पितो. तहान लागेल तेवढंच प्यायचं.

नाव दिलंच असेल आणि सराव झालाच नसेल तर माझं म्हणणं, हाफवर या, ते जमत नसेल तर 10 किलोमीटरवर या. तरीही जाणारच असाल तर पहिल्या किलोमीटरपासूनच थोडं पळा थोडं चाला, थकल्यावर चालायचं असं नाही, आधीपासूनच. पेनकिलर खाऊन पळू नका, इतक्या ताणात ती किडनीला जड जाते. आणि रेसनंतर लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली तर झोपून राहू नका, स्नायू फुटून त्यातलं प्रोटीन किडनीत चाललेलं असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि किती पळालात ते डॉक्टरांना आधी सांगा.