किवीचे नवे वाण कसे घडते आणि कसे लिहिले जाते

विदर्भातल्या बहुतेकांना किवी हे फळ आजारपणातून माहीत झाले. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की तालुक्याच्या गावांतल्या फळगाड्यांवरही किवीची पाकिटे दिसू लागतात, आणि ‘प्लेटलेट वाढतात’ या समजुतीपोटी घरोघरी ती विकत घेतली जातात. त्या समजुतीमागे ठोस वैद्यकीय पुरावा नाही, परंतु तो वेगळा विषय झाला. संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने त्या पाकिटाकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. आतली तिन्ही फळे आकाराने, लवेने, गराच्या रंगाने अगदी एकसारखी असतात. मात्र त्यांतल्या एकाच फळाच्या बिया पेरल्या तर येणाऱ्या शेकडो वेलींपैकी एकही मूळ वेलीसारखी निघत नाही, आणि जवळजवळ निम्म्या वेलींना तर फळच धरत नाही.

ही वेल आपल्या वावरात लावून पाहावी असा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो सोडून दिलेला बरा. किवीच्या ‘हेवर्ड’ या प्रसिद्ध वाणाला हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे सुमारे सातशे ते आठशे तास लागतात, तेव्हा कुठे वसंतात त्याचे डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, नीट फुटतात. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आपण उन्हाळ्यात संत्र्याचे पाणी तोडून त्याला ताण देतो. किवीच्या बाबतीत झोपलेला डोळा जागा करण्याचे काम पाणी करत नाही, थंडी करते. विदर्भातली थंडी काही रात्रींपुरती बोचरी असली तरी एवढे तास भरण्याइतकी टिकत नाही, आणि त्यानंतर येणारा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा व कोरडा वारा ही रुंद पानांची वेल सोसू शकत नाही. भारतात किवी पहिल्यांदा बंगळुरूच्या लालबागेत १९६० च्या सुमारास लावली गेली, तेव्हाही थंडी अपुरी पडल्याने तिला फळ आले नाही. पुढे शिमल्याला ती रुजली आणि फळली. आज अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश आणि नागालँड येथे तिच्या बागा आहेत.

मूळची ही वेल चीनची. न्यूझीलंडमधील वांगानुई येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर १९०४ मध्ये चीनमधल्या यीचांगहून परतल्या, त्या वेळी त्यांनी सोबत थोडे बी आणले होते. त्या बियांच्या वेलींना १९१० च्या सुमारास तिथे पहिली फळे लागली, आणि ऑकलंडचे रोपवाटिकाधारक हेवर्ड राइट यांनी १९२० च्या दशकात त्यांच्या वंशजांतून मोठ्या, टिकाऊ फळांची एक वेल निवडली. ‘हेवर्ड’ ती हीच. ‘किवी’ हे व्यापारी नाव मात्र १९५९ चे आहे. न्यूझीलंडच्या साऱ्या जुन्या बागांचा वंश दोन मादी आणि एक नर अशा अवघ्या तीन वेलींपर्यंत मागे जातो, असे या पिकाचा इतिहास अभ्यासणारे सांगतात. एवढ्या अरुंद पायावर एक जागतिक व्यापार उभा राहिला, ही गोष्ट कौतुकाची आहे तशीच काळजीचीही आहे. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला.

वाण घडवायचे काम किती अवघड जाईल, हे त्या पिकाच्या बियांच्या स्वभावावर ठरते. आपल्याकडचीच दोन पिके घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामांत वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक दाण्याचा प्रसिद्ध धान उभा राहिला. त्यांची नजर असामान्य होतीच, पण धानाच्या फुलाचीही त्यांना साथ होती. धानाचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते. त्यामुळे वेगळी लोंबी काही पिढ्या निवडून पेरत गेले की संतती एकसारखी होते आणि बीच वाण पुढे नेते.

संत्र्याचे बी याहून चमत्कारिक असते. नागपुरी संत्र्याच्या किंवा जंभेरीच्या, म्हणजे ज्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचे कलम बांधतात त्याच्या, एकाच बीमध्ये बहुधा एकाहून अधिक गर्भ असतात, आणि त्यांतले बरेचसे परागाशी काहीही संबंध न येता थेट आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. अशी रोपे बियांपासून आलेली असली तरी आईची हुबेहूब प्रत असतात. वरुड-शेंदुरजना घाटच्या पट्ट्यात जंभेरीची पन्हेरी टाकणारे शेतकरी वाफ्यातली फार खुरटी, फार उंच किंवा पानाने वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकतात. त्या उपटलेल्या रोपांत खऱ्या संकरातून जन्मलेली रोपे बरीच असतात, आणि उरलेली एकसारखी पन्हेरी म्हणजे आईच्या नकला. खुंटासाठी, म्हणजे कलमाच्या खालच्या, मुळाकडच्या भागासाठी, नेमक्या त्याच हव्या असतात. शेतकऱ्याला ही सोय मोठी, पण संकर करून नवे संत्रे घडवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाला तीच अडचण, कारण त्याला हवे असलेले संकराचे रोप या नकलांच्या गर्दीत दबून जाते. म्हणूनच संत्र्यातली सुधारणा पुष्कळशी चांगली झाडे हेरून आणि त्यांचे डोळे खुंटावर बसवून (भरून) झाली आहे.

किवी या दोन्हींच्या उलट टोकाला आहे. तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. मादी फुलात पुंकेसर दिसतात, पण त्यांतले परागकण पोकळ असतात. नर फुलात बीजांडकोशाची नुसती खूण असते. दोन्ही फुलांत मध नसल्याने मधमाश्यांनाही त्यांचे फारसे आकर्षण वाटत नाही, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत बागायतदारांना माश्यांच्या पेट्या बागेत आणून ठेवाव्या लागतात. फळ मोठे व्हायचे असेल तर आत हजाराच्या आसपास बिया धराव्या लागतात, म्हणजे तितके परागकण पोचावे लागतात. फलन नेहमीच परक्या परागाने होत असल्याने प्रत्येक बीमध्ये आईबापांच्या गुणांची नवी सरमिसळ असते.

यातून संकरकाराची एक विलक्षण पंचाईत होते. बाप म्हणून निवडायच्या नर वेलीला आयुष्यात कधी फळ येत नाही, मग ती मुलींना गोडी देईल की आंबटपणा, गर हिरवा देईल की पिवळा, हे ओळखायचे कसे? वळू पारखताना त्याच्या कालवडींचे दूध पाहतात, तीच रीत इथेही पत्करावी लागते. त्या नराचा पराग अनेक मादी वेलींवर घालायचा, बी पेरायचे, रोपे फुलावर यायला तीन ते पाच वर्षे थांबायचे आणि मुलींची फळे चाखून बापाची पत ठरवायची. या सगळ्या काळात निम्मी जागा, निम्मे पाणी आणि निम्मी मजुरी नर रोपांवर जाते. अलीकडे मात्र रोप वाफ्यात असतानाच पानाचा तुकडा घेऊन डीएनएवरून नर-मादी ओळखता येते. जपानी शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील चमूने नरपण ठरवणाऱ्या वाय गुणसूत्रावरील दोन जनुके २०१८ आणि २०१९ मध्ये उजेडात आणली. त्यांतले ‘शाय गर्ल’ नर फुलातला मादी भाग वाढू देत नाही, तर ‘फ्रेंडली बॉय’ पराग सकस ठेवते. हे दुसरे जनुक मादी वेलीत घातल्यावर स्वतःच्याच परागाने फळ धरू शकणारे फूल प्रयोगशाळेत मिळाले आहे. नर वेली लावण्याची गरजच उरली नाही तर बागेचे गणित केवढे बदलेल, हे एकरी झाडे मोजणाऱ्या कोणालाही समजावून सांगायला नको.

गुणसूत्रांचा गुंता याशिवाय आहे. किवीच्या वंशात गुणसूत्रांचा मूळ संच २९ चा. काही वेलींत असे दोन संच, म्हणजे ५८ गुणसूत्रे असतात, काहींत ११६, तर ‘हेवर्ड’मध्ये सहा संच, म्हणजे १७४. संचांची संख्या जुळत नसलेल्या वेलींचा संकर केला तर संतती बऱ्याचदा वांझ निघते, त्यामुळे जोडी जमवताना आधी गुणसूत्रे मोजावी लागतात.

पाया अरुंद असल्याचा हिशेब २०१० मध्ये चुकता करावा लागला. ‘हॉर्ट१६ए’ हे पिवळ्या गराचे, टोकाला चोच असलेले वाण त्याआधी सुमारे दहा वर्षे जगाच्या बाजारात गाजत होते. त्या नोव्हेंबरात न्यूझीलंडमधील ते पुके येथे ‘पीएसए’ हा जीवाणूजन्य रोग आढळला, खोडांतून लालसर स्राव गळू लागला आणि हे वाण त्यापुढे अजिबात टिकेना. हजारो एकरांवरील वेली छाटाव्या लागल्या. धंदा सावरला तो संशोधन केंद्रात आधीपासून तपासून ठेवलेल्या एका दुसऱ्या पिवळ्या वाणामुळे. ते पूर्णपणे रोगमुक्त नाही, पण पुष्कळ सोशीक आहे. जुन्या खुंटांवर त्याचीच कलमे बांधली गेली. संकट आल्यावर कामाला लागून वाण मिळाले नसते, कारण पेरलेले बी फळावर यायलाच तीन-पाच वर्षे जातात. संशोधन केंद्रांत ‘काही उपयोग नसलेल्या’ शेकडो वेली वर्षानुवर्षे का सांभाळल्या जातात, या प्रश्नाला माझ्या मते याहून चांगले उत्तर नाही.

चांगली वेल हाती लागली तरी ती लगेच वाण ठरत नाही. त्यासाठी तिचे वर्णन लिहावे लागते, आणि हे काम वाटते तितके सोपे नाही. ‘फळ मोठे, गोड, आकर्षक’ असे वर्णन जाहिरातीत चालते. परीक्षकाला त्याचा काही उपयोग नसतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकेक लक्षण ठरवून दिलेले असते, त्याच्या पायऱ्यांना अंक दिलेले असतात आणि प्रत्येक पायरीसाठी नमुन्याचे एखादे जुने वाण सांगितलेले असते. उदाहरणार्थ, फळाचे देठाच्या विरुद्ध असलेले टोक खोलगट आहे, सपाट आहे की चोचीसारखे पुढे आले आहे, हे पाहायचे. लव दाट आहे की विरळ, मऊ आहे की राठ, अंगठ्याने चोळल्यावर गळते की चिकटून राहते, हे नोंदवायचे. फळ आडवे कापून मधल्या पांढुरक्या गाभ्याची रुंदी मोजायची, त्याचा काप गोल आहे की लांबट ते पाहायचे, बाहेरच्या आणि आतल्या गराचा रंग ठरीव रंगपत्रिकेशी ताडून त्याचा क्रमांक लिहायचा. हिवाळ्यात पाने गळाल्यावर काडीवरचा डोळा सालीच्या उंचवट्यात किती झाकलेला आहे, हेही एक लक्षण आहे, आणि फळ नसलेल्या दिवसांत वाण ओळखायला ते उपयोगी पडते. ‘ब्रुनो’चे लांबट, गडद तपकिरी, राठ लवेचे फळ कोणीही ओळखेल, ‘ॲबट’ आणि ‘ॲलिसन’ यांची फळे मात्र इतकी सारखी असतात की अशा नोंदींशिवाय जाणकारही फसतात.

या नोंदींच्या आधारे तीन गोष्टी तपासतात. ज्ञात असलेल्या प्रत्येक वाणापासून नवे वाण एका तरी ठळक लक्षणात वेगळे हवे, त्याची सारी झाडे आपापसांत एकसारखी हवीत, आणि पुन्हा पुन्हा कलमे केल्यावरही ती लक्षणे टिकली पाहिजेत. गोडी किंवा उत्पन्न अधिक असावे, अशी अट यात कुठेही नाही, हे अनेकांना खटकते. पण वाण बरे की वाईट हे बाजाराने आणि बागायतदाराने ठरवायचे. नोंदणी फक्त त्याची ओळख पक्की करते. भारतात हे काम २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली चालते. झाडे आणि वेली यांच्या नव्या वाणाला जास्तीत जास्त १८ वर्षे संरक्षण मिळते. वाणाचे नाव नुसत्या आकड्यांचे असलेले चालत नाही.

संत्रा बागायतदाराला यातून थेट घेण्यासारखे काही आहे. बागेत एखाद्या फांदीला कमी बियांची किंवा लवकर रंग धरणारी फळे लागलेली आढळतात, आणि बहुधा असे होते की बातमी पसरते, डोळकाड्या पाहुण्यारावळ्यांत वाटल्या जातात आणि दोन वर्षांत मूळ झाड कोणते हेच कोणाला सांगता येत नाही. असा बदल कधी कधी फांदीच्या पेशींच्या एकाच थरात झालेला असतो आणि त्या फांदीच्या काही डोळ्यांतून पुन्हा साधेच संत्रे येते. शिवाय काही लिंबूवर्गीय फळांत बियांची संख्या शेजारच्या झाडांच्या परागावरही अवलंबून असते. तेव्हा फांदीला आधी रंगाची खूण करावी, तिचे डोळे एकाच प्रकारच्या खुंटावर भरावेत आणि त्याच ओळीत, त्याच खुंटावर नेहमीच्या संत्र्याची काही कलमे तुलनेसाठी लावावीत, कारण खुंट बदलला की फळही थोडेफार बदलते. निदान दोन बहार दोन्हीकडची फळे कापून बिया, सालीची जाडी आणि रंग धरण्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. नवे वाण म्हणून नोंदणी करायची असेल, तर अर्जाच्या आधी एका वर्षाहून जास्त काळ त्याची कलमे किंवा फळे भारतात विकली गेलेली चालत नाहीत. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी याच कायद्यात वेगळ्या वर्गाखाली होते आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क भरावे लागत नाही.